सातव्या गाण्यातली रिकामी जागा

६ फेब्रुवारी २००६, सोमवार

हेलननं सांगितलंय, रोज लिहा. हेलन म्हणजे स्पीच थेरपिस्ट. आमच्या अंशुमनपेक्षा लहान असेल, पण बोलते हेडमास्तरणीसारखी. आमच्या हिच्या तोंडून जो शब्द निघेल तो तारीख घालून लिहून ठेवायचा. सहा आठवड्यांनी, म्हणजे वीस मार्चला रिव्ह्यू आहे. त्यात प्रगती दिसली तर थेरपी पुढं चालू, नाहीतर "आम्हाला विचार करावा लागेल". विचार करावा लागेल म्हणजे बंद, हे कळायला मला डिक्शनरी लागत नाही. बर्मिंगहॅममध्ये एकोणचाळीस वर्षं काढली आहेत.

तिनं इंग्रजीत लिहा म्हटलं होतं. मी मराठीत लिहिणार. ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं इंग्रजी लिहिलं, त्यात माझे फक्त नटबोल्ट बसतात.

अकरा जानेवारीला सकाळी चहा गाळता गाळता ही खाली बसली. उजवा हात लुळा, तोंड वाकडं. आता तोंड सरळ झालंय, काठी धरून चालते, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणतात समजतं सगळं, शब्दही आत आहेत, बाहेर यायचा रस्ता तेवढा बंद झालाय. कधी उघडेल ते कोणी सांगत नाही.

आज हेलननं चित्रं दाखवली. किल्लीला ही "कि" म्हणाली. कपाला "च" म्हणाली, ते मी चहा धरून बरोबर मानलं, हेलननंही मानलं. मग तिनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे कोण? तुझ्या नवऱ्याचं नाव काय, लीला?" हिनं माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. हेलननं फुली मारली.

किल्ली आठवते, कप आठवतो. मी आठवत नाही. येत्या मे महिन्यात लग्नाला चाळीस वर्षं होतील.

८ फेब्रुवारी

हेलनचा नवा नियम: तिला मदत करण्याआधी मनात दहापर्यंत मोजा.

सकाळी ही टेबलापाशी बसून "प… प…" करत होती. मी मोजायला लागलो. सहापर्यंत पोचलो आणि राहवेना, "पाणी" म्हणून टाकलं आणि ग्लास पुढं केला. तिनं डोळे मिटून घेतले. पाणी प्यायली नाही. तासाभरानं लक्षात आलं, पोस्टमन दारात पाकीट टाकून गेला होता, ते खाली पडलं होतं.

मदत केली तर राग कसला, हे कळत नाही. जन्मभर मीच केलंय ना सगळं. डॉक्टरकडे मी बोलायचो, बँकेत मी, अंशुमनच्या शाळेत पेरेंट्स ईव्हनिंगला मी. हिचं इंग्रजी कच्चं. बारा वर्षं शाळेच्या किचनमध्ये नोकरी केली, पण तिथं काय, बटाटेच उकडायचे. कोणी काही विचारलं की ही माझ्याकडे बघायची आणि मी उत्तर द्यायचो. आमचं छान चाललं होतं.

११ फेब्रुवारी, शनिवार

आज एक भलतंच सापडलं. अंशुमनला ब्रिस्टलला फोन लावला आणि तो उचलायच्या आत ठेवून दिला.

किचनच्या ड्रॉवरमध्ये पुसणी घड्या घालून ठेवलेली असतात. त्यांच्याखाली एक शाळकरी वही होती. अक्षर हिचं, गोल आणि टपोरं, देवनागरी. आत जे लिहिलंय ते कुठल्याही भाषेत नाही. चाळीस पानं भरली आहेत. एक ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवतो:

मादा काएरानाइ दे, शूदेन वा मो इत्ता कारा

वर नंबर घातलेत, एक ते बारा. काही शब्दांखाली रेघा. सात नंबरला मधेच एक मोकळी जागा सोडून तिच्याखाली टिंबं काढली आहेत. पहिल्या पानावर तारीख आहे, सप्टेंबर २००३.

स्ट्रोक जानेवारीत आला. म्हणजे अडीच वर्षांपूर्वीपासून हिचं डोकं बिघडत होतं आणि मला पत्ता नाही. आता आठवतं, भाजी चिरताना ती पुटपुटायची. मला वाटायचं स्तोत्र म्हणतेय. मी पेपर वाचत असायचो.

हेलनला दाखवायची नाही. ती म्हणेल हा स्ट्रोक नव्हे, हे दुसरंच काहीतरी जुनं आहे, आणि वीस मार्चचीही वाट बघणार नाहीत. वही माझ्या डेस्कमध्ये ठेवून कुलूप लावलंय. ही आज दोनदा ड्रॉवर उघडून बघत होती. मी दुसरीकडे पाहिलं.

१५ फेब्रुवारी

झोप नाही. हिच्यावर लक्ष ठेवून आहे. कॅलेंडर दाखवून आजचा वार विचारला, बरोबर बोट ठेवलं. अंशुमनच्या मुंजीचा फोटो दाखवला, हसली. मग वेड लागलेलं माणूस असं असतं का? कोणाला विचारायचीही सोय नाही.

हेलन म्हणाली, ओळखीची गाणी लावून बघा, गाण्यातून शब्द येतात कधीकधी. मी लगेच भावगीतांची कॅसेट लावली. वर्षानुवर्षं आमच्याकडे रविवारी हीच लागते. हिनं अर्ध्या गाण्यात डाव्या हातानं बटण दाबून बंद केली. पुन्हा लावली, पुन्हा बंद. हिला गाणंही नकोसं झालंय.

आजचे शब्द: "नको". एकदाच, पण स्वच्छ. लिहून ठेवला.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू आणि कुठून सुरुवात करू.

दुपारी अलका आली. दोन गल्ल्या सोडून राहते, हिच्याबरोबर दर मंगळवारी कम्युनिटी सेंटरवर व्यायामाच्या क्लासला जाते. जायची. पन्नाशीची आहे, बोलायला लागली की थांबत नाही. आल्या आल्या हिच्या गळ्यात पडली, मग मला म्हणाली, "भावजी, क्लासमधल्या सगळ्यांनी मिळून लीलाताईंना गेट वेल प्रेझेंट पाठवलंय." पिशवीतून एक सीडी काढली. कव्हरवर चार पोरी, लेदर जॅकेटं, केस पिंजारलेले, हातात गिटारी. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "लावा तर खरं."

मी लावली. बंद करायला सोपं जावं म्हणून तिथंच उभा राहिलो. ढणढण सुरू झालं. हिचा डावा हात मांडीवर ताल धरायला लागला. अलकानं गाणी पुढं ढकलत सात नंबर लावला. एक पोरगी गायला लागली, आणि माझ्या मागून दुसरा आवाज आला.

"मादा काएरानाइ दे…"

ही म्हणत होती. चाचरत नाही, "कि" नाही, "प" नाही. सबंध ओळ, मग पुढची ओळ. सहा आठवड्यांत तिचा असा सलग आवाज ऐकला नव्हता, तो जरा जाडसर झालाय. मी इतका घाबरलो की रेकॉर्डरच्या वायरीत पाय अडकून सोफ्यावर बसलो. मला वाटलं वेड उसळून आलं, तेही अलकासमोर.

"अलका," मी म्हटलं, "हे बाहेर कोणाला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

मी डेस्कचं कुलूप काढून वही आणली. अलकानं पानं चाळली, माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. "भावजी, दॅट्स जॅपनीज. आमची चिएको, क्लास घेते ती, ती ओसाकाची आहे ना. ती शाळेत असताना तिथं हा मुलींचा रॉक बँड टॉप होता. नात्सुमिकान. हे त्यांच्या हिट लव्ह साँग्जचं कलेक्शन आहे. आम्ही त्याच्यावरच स्ट्रेचेस करतो. बाकीच्या नुसत्या ला-ला करतात, लीलाताईंनी बसून वर्ड टु वर्ड लिहून काढलं. देवनागरीत परफेक्ट बसतं म्हणाल्या. चिएको तर म्हणते, लीलाज ॲक्सेंट इज बेटर दॅन माय हजबंड्स."

मी हिच्याकडे पाहिलं. ही पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसत होती. वही अलकाच्या हातातून घेऊन तिनं पदराखाली धरली.

वेड नाही. देवा, वेड नाही. रात्री जेवताना मला रडू आलं, मिरचीवर ढकललं.

२४ फेब्रुवारी

हेलनला सगळं सांगितलं, कुलपाचं सोडून. ती टेबलावर हात आपटून हसली. म्हणाली, गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूनं येतं, तो रस्ता शाबूत आहे. आधी गाणं, मग गाण्याच्या चालीत छोटे शब्द, मग चाल हळूहळू सोडायची. "पण तिला आवडेल तेच गाऊ दे, मिस्टर गद्रे." मी म्हटलं, मराठी गाणी जास्त योग्य नाहीत का? ती म्हणाली, "तिनं काय निवडलं ते तुम्ही ऐकलंत."

मग पुन्हा तोच प्रश्न, नवऱ्याचं नाव काय. ही आज जराशी लाजल्यासारखी दिसली. न आठवल्याची लाज वाटत असेल. पुन्हा फुली.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

क्लासच्या वेळी कम्युनिटी सेंटरवर गेलो. आत पुरुषांना बंदी, कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. संपल्यावर चिएको बाहेर आली, ठेंगणी, चाळिशीची, घाम पुसत. मला त्या गाण्यांचा अर्थ हवा होता. तिनं उभ्या उभ्या सांगितला, मी डायरीत उतरवला.

एक नंबर: मुलगी रोज सायकलवरून मुद्दाम वळसा घालून त्याच्या घरावरून जाते, खिडकीत दिवा लागलाय का तेवढं बघते आणि पुढं जाते.

चार नंबर: फोन वाजतो, त्याचाच आहे हे तिला माहीत आहे, तरी ती तीन वेळा वाजू देते.

सात नंबर: स्टेशनवर ती त्याला बोलण्यात गुंतवून ठेवते, मुद्दाम, शेवटची गाडी सुटेपर्यंत. मग म्हणते, गाडी तर गेली, आता अजून जाऊ नकोस.

बाराही गाण्यांत कोणाचं कोणाशी लग्न होत नाही. मी चिएकोला विचारलं, पुढं काय होतं? ती म्हणाली, "पुढं बँड फुटला. ड्रम वाजवायची ती आता म्हणे बेकरी चालवते."

घरी येताना बसमध्ये एकच विचार. ही बाई अडीच वर्षं हे म्हणत होती. कोणाला म्हणत होती? मी तर कधी शेवटच्या गाडीनं कुठं गेलो नाही. पाच चाळीसची बस, सहा वाजता घरी, तीस वर्षं. वाट बघायला लावली असती तर बरं झालं असतं का? चौसष्टाव्या वर्षी बायकोच्या वहीतल्या प्रेमगीतांचा मत्सर वाटतो असं कोणाला सांगायचं? इथं लिहून टाकतो.

आणखी एक. चिएको म्हणाली, "लीला आम्हाला फार हसवते. नकला करते." कसल्या नकला म्हटलं, तर ती गडबडली आणि म्हणाली, "ओह, सगळ्यांच्या." हिला इंग्रजीत नकला येतात?

४ मार्च

सोळा दिवस उरले. आता हे काम पद्धतशीर केलं पाहिजे.

ग्राफपेपरवर तक्ता केलाय. सकाळी नऊला एक ते चार, दुपारी पाच ते आठ, संध्याकाळी उरलेली. मी वही समोर धरतो आणि पट्टीनं ओळ दाखवतो. कुठं चुकली तर सीडी थांबवतो, ओळ पुन्हा. काल "शूदेन" अकरा वेळा घेतलं. मला आता सगळी पाठ झाली आहेत. पहिल्या दिवशी तिनं बरोबर म्हटलेल्या ओळींतही मला बारीक चुका सापडल्या, त्या दाखवल्या.

आजचे शब्द: गाणी चार. "हं".

७ मार्च

गाणी दोन. तीही मधेच सोडली.

१० मार्च, शुक्रवार

तीन दिवस गाणं नाही, शब्द नाही, "हं"सुद्धा नाही. मी सीडी लावली की ही काठी घेऊन वरच्या खोलीत जाते. जिना एकटी चढते, माझा जीव वर जातो खाली येतो. पडली तर?

आज मी ओरडलो. "तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं? थेरपी बंद झाली तर जन्मभर मुकी बसशील." असं म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत काय होतं ते लिहिता येत नाही. दार लावून घेतलं. असं दार लावून घेताना मी तिला आतापर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

दहा दिवस. तक्त्यात आणखी काय बदलावं, सुचत नाही.

१४ मार्च, मंगळवार

अलका येऊन हिला क्लासला घेऊन गेली. मला न विचारता. मी नको म्हणत होतो, दमेल, पडेल. हिनं कोट घालायला हात पुढं केला, माझ्याकडे नाही, अलकाकडे.

दोन तास घर खायला उठलं. मी जिन्याचा कठडा घट्ट केला, स्क्रू आधीच घट्ट होते.

परत आल्या तेव्हा हिचे गाल लाल. अलका म्हणाली, खुर्चीत बसून बाराही गाणी म्हटली, एव्हरी सिंगल वन. माझ्यापुढं एक नाही आणि तिथं बारा. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण खाली एक काटा होता.

ही हात धुवायला आत गेली तेव्हा मी अलकाला विचारलं, त्या सात नंबरमध्ये जागा का मोकळी सोडली आहे?

"अहो, तिथं ती मुलगी त्या मुलाचं नाव घेऊन हाक मारते. हिरोशी की कायसं. क्लासमध्ये आमची गंमत आहे. दर वेळी एकीचा टर्न, तिनं आपल्या नवऱ्याचं नाव घालायचं. आपला उखाणाच की हो. मी संजय घालते. मार्गारेट तर दोन घालते, एक्स-हजबंड आणि हा."

"आणि ही?"

"लीलाताईंचा टर्न आला की त्या नुसत्या हसतात आणि ती जागा म्युझिकवर सोडून देतात. आजपण सोडली." अलकानं पर्स उचलली. "तुम्ही आजारपणात फार वाळलात भावजी, खात जा."

अडीच वर्षं. सगळ्याजणी नवऱ्याचं नाव घालतात आणि माझी बायको ती जागा मोकळी ठेवते. म्हणजे हे स्ट्रोकनं झालेलं नाही. आधीपासूनच तिथं कोणी नव्हतं.

१६ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. तक्ता फाडला. सीडी तिच्या हाताशी ठेवली आणि मी बागेत जाऊन बसलो. थंडी होती. थोड्या वेळानं आतून बारीक आवाजात एक नंबर ऐकू आला. सायकलवाली. मी उठलो नाही, कारण मी आत गेलो की ते बंद होतं, एवढं मला आता कळलंय.

१८ मार्च, शनिवार

अंशुमनचा फोन आला. सोमवारी रिव्ह्यू, तो रजा काढू शकत नाही. काळजी करत होता. माझा बांध फुटला. त्याला म्हटलं, रिव्ह्यूत नवऱ्याचं नाव विचारतात, आणि तुझी आई मला विसरली आहे. सहाच्या सहा वेळा फुली. पोराजवळ असं बोलायला नको होतं.

त्याचा जन्म इथला, मराठी त्याचं असंच. "बाबा, पण आई कधी तुमचा नाव घेते?"

"म्हणजे?"

"म्हणजे एव्हर. माझी होल लाइफमध्ये मी ऐकला नाय. ती ऑलवेज 'अहो' बोलते. लहान होतो ना, मला वाटायचा तुमचा नावच अहो आहे. नर्सरीत टीचरला तसाच सांगितला होता."

मी फोन धरून उभा राहिलो. तो हॅलो हॅलो करत होता.

आमच्या आईनंही कधी वडिलांचं नाव घेतलं नाही. रेशनकार्डासाठी विचारलं तर मला पुढं करायची. हे मी कसा विसरलो? हेलन इंग्रज, तिला काय माहीत. पण मी समोर बसून सहा वेळा फुली बघितली आणि सहाही वेळा रडवेला झालो. आठवण हिची गेली की माझी?

पण आनंदानं उडी मारण्याआधी पुन्हा शंका आली. येत असूनही घेत नाही, की येतच नाही? हे मला अजून माहीत नाही. सोमवारी हेलनला सगळी पद्धत नीट समजावून सांगायची. मुद्दे कागदावर काढलेत, पाच झाले. नीट बोललो तर फुल्या खोडतील.

२० मार्च, सोमवार

हेलनच्या खोलीत आज आणखी एक बाई होती, करड्या केसांची, तिचा निर्णय शेवटचा. हिनं निळी साडी नेसली होती, सकाळी एकटीनं, पाऊण तास लावून. मी दाराबाहेर उभा राहिलो होतो.

चित्रं झाली. किल्ली आली, सबंध. मांजर आलं. छत्री अर्धी. करड्या केसांची बाई लिहीत होती, तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मग हेलन म्हणाली, "लीला, तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

मी खिशातून कागद काढला. "माफ करा," म्हटलं, "या प्रश्नाबाबत मला थोडं स्पष्टीकरण द्यायचं आहे. आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका—"

"गप्प," शेजारून आवाज आला. मी वळलो. हिचा चेहरा लाल झाला होता, ओठ दुसऱ्या शब्दाशी झुंजत होते. "बसा."

करड्या केसांच्या बाईनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, "तिनं मला गप्प बसायला सांगितलं." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या मुद्द्यांचा कागद मी घडी करून खिशात ठेवला.

मग हिनं डाव्या हातानं गुडघ्यावर ताल धरला. सीडी नव्हती, वही नव्हती. सात नंबर, हळू, मूळ गाण्याच्या निम्म्या वेगानं. मादा काएरानाइ दे. शूदेन वा मो इत्ता कारा. ती जागा आली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही, खाली कार्पेट बघत होतो. ताल चुकला नाही आणि त्या जागेत ती म्हणाली, "कमलाकर".

राव नाही, अहो नाही. नुसतं माझं नाव, गाण्यात, चालीवर. आणि पुढची ओळ म्हणत गेली.

हेलननं डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही. थेरपी पुढं चालू, निदान सप्टेंबरपर्यंत. बाकीचं त्यांनी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पत्रानं कळवणार आहेत.

गाडीत बसलो. किल्ली फिरवण्याआधी मी म्हटलं, "म्हणजे माहीत होतं तुला. पहिल्या दिवसापासून."

तिनं मान हलवली.

मी म्हटलं, "मग घेतलं का नाहीस? मी इकडे झुरत होतो."

तिनं तोंड उघडलं. पुढच्या काचेवर पावसाचे थेंब पडत होते ते मी बघत राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही, मोजत नव्हतो. शेवटी ती म्हणाली, "आणि… तुम्ही?"

"मी काय?" म्हणणार होतो. औषधाची वेळ झाली का, भूक लागली का, असं तीन-चार प्रकारचं उत्तर जिभेवर आलंही. ते गिळलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं ती काय विचारतेय.

चाळीस वर्षांत मी तिला अगं म्हटलं. ए म्हटलं. ऐकलंस का म्हटलं. अंशुमन झाल्यावर त्याची आई म्हटलं. तिला रिवाजानं नाव घ्यायला बंदी केली होती. मला कोणी केली होती? ही डायरी आत्ता मागं चाळून पाहिली, दीड महिना पानंच्या पानं लिहिली आहेत आणि सगळीकडे ही, हिला, हिनं. हेलन लीला म्हणते, अलका लीलाताई म्हणते, ती ओसाकावाली लीला म्हणते. माझ्या हातून एकदाही नाही.

तिथं गाडीत मी म्हणायचा प्रयत्न केला. "ली" एवढंच आलं. जीभ वर चिकटली, पुढचं अक्षर समोर दिसत असून बाहेर पडेना. मागं एक गाडी आमची जागा रिकामी व्हायची वाट बघत होती, तिनं हॉर्न दिला. मी पुन्हा "ली" म्हटलं आणि पुन्हा अडकलो.

तिला शब्द माहीत होता. तिनं तो पुढं केला नाही. मांडीवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, ती थांबून राहिली.